काझमामाचा कान

लॅकावाना, न्यूयॉर्क
११ फेब्रुवारी १९९६

प्रिय काझमामा,

फोन उचलायचा नाही अशी तू शपथच घेतलेली दिसते, म्हणून कागद काळे करतेय. आई म्हणते, ॲरिझोनात गेल्यापासून माझा भाऊ फोनपाशी बसत नाही, निवडुंगापाशी बसतो. नाताळात तिने चार वेळा फोन लावला. चारही वेळा नुसती घंटी वाजत राहिली आणि तिने तुझ्या नावाने स्वयंपाकघरात जे काही म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मुद्द्यावर येते. मला गाडी घ्यायची आहे. दूध-पाव आणायची नव्हे, पळणारी. पाच मेला आमच्या क्लबची या मोसमातली पहिली शर्यत आहे. जत्रेच्या मैदानातल्या पार्किंगमध्ये नारंगी शंकू मांडतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. समोरून कोणी येत नाही, बाजूला भिंत नाही. बाबांना हे शंभरदा सांगून झालं, पण पालथ्या घड्यावर पाणी. मी नवशिक्यांच्या गटात नाव घालून मोकळी झालेय. आता गाडी तेवढी नाही.

बेकरीत तीन वर्षं पहाटेची पाळी करून सहा हजार डॉलर साठवलेत. त्यात गाडी, त्यातच टायर. तुला माझी मागची गाडी आठवत असेलच. त्या डेरेकच्या, माझ्या तेव्हाच्या नवऱ्याच्या, सांगण्यावरून घेतली, आणि पहिल्यांदा जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच गंजलेल्या तळातून वर आला. दर शुक्रवारी मासे खायला सगळे जमतात तेव्हा कोणी ना कोणी ती गोष्ट सांगतोच. डेरेक गेला, गोष्ट राहिली. यावेळी चुकले तर पुन्हा तीन वर्षं कणीक मळायची माझ्यात ताकद नाही. म्हणून यावेळी चुकायचं नाही.

आणि न चुकण्यासाठी मला तुझा कान हवाय. बॉनेट उघडायच्या आधी तू सांगायचास की कुठल्या सिलिंडरचं दुखतंय. अख्ख्या बफेलोत तसा कान दुसरा नव्हता.

बाबांना हे पत्र माहीत नाही. त्यांच्यासमोर तुझं नाव काढलं की अजूनही डावा पाय चोळायला लागतात. शर्यतीच्या त्या रविवारी तू बाबांच्या इंजिनाला 'ठीक आहे' म्हणालास, तिसऱ्या फेरीत तेच इंजिन जाम झालं आणि बाबा भिंतीवर गेले. "काझिमिर आदल्या रात्रीची दारू उतरायच्या आत आला होता," हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकतेय. तू एकदाही नाही म्हणाला नाहीस. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, पाना घेऊन तुझ्याच शेजारी उभी होते. मला तर तुझ्या तोंडाला कसलाच वास आला नव्हता.

असो. सांग, सुरुवात कुठून करू?

तुझी,
मार्सेला

टूसॉन, ॲरिझोना
२० फेब्रुवारी १९९६

प्रिय मार्सेला,

फोनवर माणसं बडबडतात. कागदावर बडबडायला कष्ट पडतात, म्हणून कागद बरा. इरीनाला, तुझ्या आईला, सांग, निवडुंग तिच्यापेक्षा कमी टोचतो.

तू माझा कान मागितलास. इथून तो पोचायचा नाही, तेव्हा तू ऐकायचंस आणि लिहायचंस. फोटो पाठवू नकोस, फोटोत सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात. 'आवाज चांगला आहे' असंही लिहू नकोस, त्याचा मला उपयोग नाही. कशासारखा आहे ते लिही. लहानपणी तू म्हणायचीस ना, "मामा, ही गाडी खोकत नाहीये, खोकल्याचं नाटक करतेय." तसं लिही.

आता ऐक. मालकाला दहाला येते म्हणून सांग आणि नऊला जा. त्याच्या हातात हात द्यायच्या आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर त्याने तू यायच्या आत इंजिन तापवून ठेवलंय. रोग असतो तो गार इंजिनात दिसतो, तापलं की ते शहाण्यासारखं वागतं. मग गाडीखाली आडवी हो, नवे कपडे घालून जाऊ नकोस. तुमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीला खालून खातं, आणि वरचा रंग मात्र हसत असतो. खिशात लोहचुंबक ठेव. जिथे तो चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय.

घराच्या पायऱ्याही बघ. जो माणूस पायऱ्यांवरचा बर्फ काढत नाही तो वेळेवर ऑइल काय बदलणार!

शेवटचं म्हणजे तू आठ सिलिंडरच्या मागे लागणार हे मला माहीत आहे, तुझ्या बापाची पोर आहेस. शंकूंमधून वळायला ताकद लागत नाही, हलकेपणा लागतो. सहा हजारात ताकद मिळते ती कोणीतरी पिळून टाकलेली असते. हलकी गाडी घे.

त्या रविवारबद्दल तू लिहिलंस. त्यावर मला काही लिहायचं नाही.

तुझा,
काझमामा

लॅकावाना
४ मार्च १९९६

प्रिय मामा,

आठ सिलिंडरच बघून आले. रागावू नकोस, घेतलेली नाही.

गाडी लाल होती. इतकी लाल की शेजारच्या घराच्या भिंतीवर तिची लाली पडली होती. दहाची वेळ होती, नऊला गेले. मालक पायजम्यावरच बाहेर आला. हात पुढे केला त्याने, मी बॉनेटवर ठेवला. आमच्या भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखं गरम!

"नुकताच जाऊन आलो बाहेर," तो म्हणाला.

"पायजम्यावर?" मी म्हटलं.

त्याच्या पायऱ्यांवर जानेवारीतला बर्फ होता. मी म्हटलं, ठीक आहे, मी थांबते. समोरच्या खानावळीत जाऊन बसले. दोन अंडी, तीन कॉफ्या आणि आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र, अडीच तास. खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवून होते, तोही पडद्याआडून माझ्यावर नजर ठेवून होता. साडेअकराला परत गेले आणि म्हटलं, आता चालू करा. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला गाडी घ्यायचीय की लग्न करायचंय तिच्याशी?" मी म्हटलं, लग्नाआधी मी इतका विचार केला नव्हता, म्हणून तर मोडलं.

आता आवाज. पहिले दोन श्वास कोरडे, घशात काहीतरी अडकलेल्या माणसासारखे. मग एकदम सुरू. शिलाईच्या यंत्रात कोणी जाडं घोंगडं घातलंय आणि सुई हट्टाने त्यातून चाललीय, तसं. मागून निळसर धूर आला, गॅस चुकून मोठा राहून लोणी जळावं तसा. मिनिटभराने दोन्ही थांबलं आणि गाडी कशी शहाणी झाली! मालक माझ्याकडे बघून हसला. मी खाली आडवी झाले. सगळा तळ नव्या डांबराने काळाकुट्ट रंगवलेला. बोट लावलं तर बोट काळं. लोहचुंबक दाराखालून सरळ माझ्या कपाळावर पडला.

नाव मोठं, लक्षण खोटं. निघून आले. बाबांनी कपाळावरचं टेंगूळ बघितलं. ते हल्ली विचारत नाहीत, नुसते बघतात.

तुझी,
मार्सेला

टूसॉन
११ मार्च १९९६

प्रिय मार्सेला,

सोडलीस ते फार चांगलं केलंस. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. आणि चांगल्या पत्र्याला ताजं डांबर कोणी फासत नाही. अडीच तास बसलीस हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो.

'पहिले दोन श्वास कोरडे' हे तुझं वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. पोरी, मला ते ऐकू आलं. लिहीत जा असंच.

तुझा,
काझमामा

लॅकावाना
२० मार्च १९९६

प्रिय मामा,

घाईत लिहितेय. गाडी मिळाली! काळी, आठ सिलिंडरचीच. हलकी घे म्हणाला होतास, पण तू ही चालवून बघायला हवी होतीस. पेडल दाबलं की पाठ सीटला चिकटते आणि पोट मागेच राहतं. तळ स्वच्छ, गंज नावालाही नाही. लोहचुंबक सगळीकडे चिकटला. मालकाच्या पायऱ्याही साफ. बॉनेट गार होतं, मी आधी हात लावूनच बघितला. माझं मन बसलंय मामा, खोटं कशाला बोलू?

फक्त आवाजाचं नीट सांगता येत नाहीये. कधी वाटतं काहीतरी आहे, कधी वाटतं माझेच कान वाजतायत. क्लबातल्या दोघांनी ऐकलं, म्हणाले, मस्त आहे. मग म्हटलं, वर्णन कशाला? बाबांचा टेपरेकॉर्डर गुपचूप नेला आणि गार इंजिन चालू होतानाचा सगळा आवाज टेप केला. सोबत कॅसेट आहे, तूच ऐक. मालक एक एप्रिलपर्यंत, सोमवारपर्यंत थांबायला तयार आहे. तू हो म्हटलंस की पैसे देते. तू नाही म्हटलंस तर रडेन, पण घेणार नाही.

तुझी,
मार्सेला

टूसॉन
२७ मार्च १९९६

प्रिय मार्सेला,

कॅसेट पोचली. तीनदा ऐकली. इंजिन गातंय. तुझं मन बसलंय तर घे.

तुझा,
काझमामा

लॅकावाना
३१ मार्च १९९६, रविवार

मामा,

तुझं पत्र काल आलं. मी ते उशाखाली घेऊन झोपले. उद्या पैसे द्यायचे होते.

आज सकाळी चर्चमधून आल्यावर नेहमीसारखे आम्ही तिघं न्याहारीला बसलो. बाबा दर रविवारी रेडिओवरचा पोल्का नाचगाण्यांचा कार्यक्रम टेप करतात आणि पुढे कुठल्यातरी रविवारी अंडी-सॉसेज खाताना ढिगातली एक कॅसेट लावतात, हे तुला माहीतच आहे. कॅसेटवर नाव कधी लिहीत नाहीत. म्हणतात, मला पहिला सूर पुरे. त्यांनी बटण दाबलं. अकॉर्डियन काही वाजेना. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला, मग माझा आवाज, "हां, करा चालू."

मी तुला भलतीच कॅसेट पाठवली होती.

माझा घास तोंडातच राहिला. बाबांचा काटा हवेत थांबला. इंजिन सुरू झालं, आणि बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. अपघातानंतर इस्पितळातही मी त्यांना तसं बघितलं नव्हतं. त्यांनी टेप मागे घेतली, पुन्हा लावली. टेबलावर बोटाने त्या आवाजाबरोबर ठोका धरला. इंजिनाच्या गुरगुरण्याखाली तळघरातून कोणी लाकडी पळीने वर ठोकावं, तसं काहीतरी होतं. त्यांनी बोट धरल्यावर मलाही ते स्पष्ट ऐकू आलं. आधीही आलं होतं. मी ऐकायचं नाकारलं होतं.

"ही गाडी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"मी घेणार आहे."

"खालचं बेअरिंग गेलंय. हा ठोका मला विचारू नकोस कसा ओळखला. तीन फेऱ्या मी हाच ऐकत होतो." ते पाय चोळू लागले. मग म्हणाले, "ऐकू येत होतं गं मला. पण काझिमिर 'ठीक आहे' म्हणाला होता ना. मला वाटलं, तो म्हणतो तर माझेच कान खोटे."

आई उठून सिंकपाशी गेली आणि धुतलेलीच बशी पुन्हा धुवायला लागली.

मीही तेच केलं मामा. माझ्या कानांनी सांगितलं होतं, आणि मी तुझ्या कानावर टाकून मोकळी झाले. उद्या मी ती गाडी घेतली असती.

आता तू सांग. तुझ्याकडे आलेल्या कॅसेटमध्ये अकॉर्डियन आहे, दोन क्लॅरिनेट आहेत आणि मध्ये गाद्यांच्या दुकानाची जाहिरात आहे. तू लिहितोस, तीनदा ऐकली, इंजिन गातंय. फोन तू उचलत नाहीस. मला सगळं शब्दांत लिहायला लावतोस.

तुला ऐकू येत नाही. कधीपासून? त्या रविवारीही येत नव्हतं का?

मार्सेला

टूसॉन
५ एप्रिल १९९६

मार्सेला,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं.

हो. त्या रविवारीही येत नव्हतं.

सुरुवात चौऱ्याऐंशीत झाली. आधी डावा कान, मग उजवा. सायलेन्सर नसलेल्या गाड्यांमध्ये तीस वर्षं डोकं घातलं, दुसरं काय होणार? लोकांच्या ओठांवरून मी बोलणं ओळखायला शिकलो. इंजिनाला ओठ नसतात. पण नुसता धूर बघून, ऑइलचा वास घेऊन, मालकाच्या तक्रारीवरून मी अंदाज बांधायचो आणि तो बरोबर यायचा. माझ्या कानाचं नाव आणखी वाढलं! तीन वर्षं मी त्या नावावर जगलो.

त्या दिवशी तुम्ही सगळे भोवती उभे होतात. टेड, तुझा बाप, माझ्याकडे पाद्र्याकडे बघावं तसा बघत होता. मी नेहमीसारखा लांब पेचकस इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. काहीही आलं नाही, मुळीच नाही. नुसता तळहात इंजिनावर ठेवला असता तरी ठोका हाताला कळला असता. पण हात लावून बघणं हे शिकाऊ पोरांचं काम, आणि मी काझिमिर पिलार्स्की होतो! म्हटलं, "ठीक आहे."

नंतर टेड म्हणाला, मी प्यायलेला होतो. मी म्हणू दिलं. आमच्या धंद्यात दारुड्या मेकॅनिकला लोक सांभाळून घेतात, बहिऱ्याला कोणी दारातसुद्धा उभं करत नाही. मग वाटलं, इतक्या लांब जावं जिथे कोणी मला काही ऐकायला सांगणार नाही. इथे मी चर्चची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. तळहाताने.

आणि तू कॅसेट पाठवलीस. तू शब्दांत लिहिलं असतंस तर मी तो ठोका पकडला असता, तुझी शपथ. लाल गाडीचा आवाज मला कागदावरून आला होता, खरंच आला होता. इतक्या वर्षांनी मी इंजिन ऐकलं, ते तुझ्या पत्रात. कॅसेट हातात धरून मी दोन दिवस बसलो. ऐकू येत नाही असं लिहायला तीन शब्द पुरले असते. त्याऐवजी मी पुन्हा 'ठीक आहे' म्हटलं, आणि यावेळी पोटच्या पोरीसारख्या पोरीला.

मला माफ कर म्हणण्याचा हक्क मला नाही. शरम वाटते, एवढंच लिहितो.

टेडला सांगू नकोस.

काझमामा

लॅकावाना
१४ एप्रिल १९९६

प्रिय मामा,

तुझं पत्र येण्याआधी आठवडाभर मी तुझ्यावर इतकी चिडले होते की बेकरीत माझ्या हातची कणीक दगड होत होती. मग ईस्टर आला. लोण्यातून घडवलेलं सणाचं कोकरू टेबलावर आलं, आणि आईने नेहमीसारखं त्याचं डोकं कोणाला कापू दिलं नाही. "काझिमिर कापायचा," म्हणाली. सोमवारी डिंगसला, आपल्या पाणी उडवायच्या सणाला, सगळा मोहल्ला रस्त्यावर होता. मी बाबांच्या मानेवर पिचकारीने पाणी उडवलं, त्यांनी मला वेताच्या फांदीने पोटऱ्यांवर मारलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा लंगडत का होईना, एक पोल्का नाचले. माझा राग तिथेच कुठेतरी सांडला.

आता नीट वाच. हे पत्र विचारण्यासाठी नाही, सांगण्यासाठी आहे. मी गाडी घेतली.

छोटी, पांढरी, दोन सीटची मियाटा, एक्क्याण्णवची. छताला चिकटपट्टीची तीन ठिगळं आहेत आणि मागे एक पोचा आहे. चार सिलिंडर, हलकी. हो, हलकी. तू बरोबर होतास, एकदाच लिहितेय, पुन्हा विचारू नकोस. हेडविग नावाच्या बाई शाळेची बस चालवायच्या, आता निवृत्त झाल्यात, त्यांची ती. दर वर्षी पहिला बर्फ पडला की चादर घालून गाडी आत ठेवायच्या. मिठाचं तोंड तिने बघितलेलं नाही. पायऱ्या अशा साफ, की बूट काढून चढावंसं वाटलं.

बाबा बरोबर आले होते. मी बोलावलं नव्हतं. निघताना घरच्या गाडीत येऊन बसले आणि म्हणाले, "मी काही बोलणार नाही." मग मियाटा बघून म्हणाले, "यात माणूस बसवायचा की पायमोजा?" हेडविगबाई म्हणाल्या, "पोट काढून ठेवलंत तर तुम्हीही बसाल." बाबांना त्या फार आवडल्या.

बॉनेट दगडासारखं गार होतं. आता आवाज ऐक, तुझ्यासाठी मुद्दाम जपून आणलाय. किल्ली फिरवल्याबरोबर झोपेतल्या कुत्र्याने एकदा मान झटकावी तसं झालं, आणि लगेच चालू, कुरकूर नाही. मग वरच्या बाजूला बारीक टिकटिक, कपबशीवर चमचा हलका वाजवावा तशी. वर होती, तळाशी नव्हती. मी ओणवी होऊन खालचं ऐकलं, जमिनीपर्यंत काही ठोकत नव्हतं. मोजत राहिले. अकराव्या अंकाला चमचा थांबला. त्यानंतर फक्त एकसारखी घुरघुर, मांडीवर मांजर बसल्यासारखी, आणि पेडल दाबलं की मांजर उठून आळस देतं. मी तळहातही ठेवला, इंजिनावर आणि मग गिअरच्या दांड्यावर. आत काही अडखळत नाही.

बाबा मला काही सांगणार इतक्यात मी म्हटलं, "टॅपेट वाजतायत, ऑइल वर पोचलं की थांबतात. गाडी चांगली आहे. मी घेतेय." त्यांनी तोंड मिटलं. घरी येताना म्हणाले, "मीही तेच म्हणणार होतो." एवढं सोपं वाक्य बोलायला त्यांना सतरा मैल लागले.

टेडला सांगू नकोस, असं लिहिलंस. मी सांगितलेलं नाही. पण खोटंही बोलणार नाही. काल त्यांनी विचारलं, "त्या काळ्या गाडीला हो कोणी म्हटलं होतं?" मी म्हटलं, "बाबा, ते सांगायचं काम माझं नाही." तुझ्या दोन कानांचं ओझं आणखी कोणाच्या पाठीवर देऊ नकोस मामा. तूच लिही.

पाच मेला मी पळणार आहे. पाऊस पडो, गारा पडोत.

तुझी,
मार्सेला

टूसॉन
२० एप्रिल १९९६

प्रिय मार्सेला,

चमचा अकराव्या अंकाला थांबला, तेव्हा मीही श्वास सोडला. गाडी उत्तम आहे. पण हे तुला माझ्याआधी कळलं, आणि तसंच व्हायला हवं होतं. यापुढे मला विचारू नकोस, सांगत जा.

सोबत घडी घातलेला कागद आहे तो टेडला दे. चार ओळी आहेत. इस्पितळात त्याच्या खाटेपाशी तोंडाने सांगायच्या होत्या. उघडून वाचू नकोस, त्यात काय आहे ते तुला माहीत आहे.

तुझा,
काझमामा

लॅकावाना
६ मे १९९६

काझिमिर,

मला पत्र लिहिता येत नाही. इरीना समोर बसलीय, लिहिल्याशिवाय जेवायला देणार नाही म्हणते.

तुझा कागद मिळाला. दहा दिवस खिशात घेऊन फिरलो. पहिले पाच दिवस तुला शिव्या दिल्या. दारुडा म्हणून सगळ्या गावात मी तुझं नाव घालवलं आणि तू गाढवासारखा गप्प बसलास. बहिरा आहे असं सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?

पुढचे पाच दिवस दुसराच विचार डोक्यात होता, तो लिहितो. तुला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. पहिल्याच फेरीत ठोका ऐकला होता. पाय उचलून बाजूला यायला एक क्षण लागला असता. मी आलो नाही, कारण जिंकायचं होतं आणि तू ठीक म्हणाला होतास. भिंतीवर मीच गेलो. नऊ वर्षं इरीनाच्या भावाला घराबाहेर ठेवलं, कारण हे कबूल करण्यापेक्षा ते सोपं होतं. त्याची मला लाज वाटते. बास.

काल मार्सेला पळाली. नवशिके चौदा होते, ही नववी आली. पहिल्या फेरीत दोन शंकू आडवे केले, शेवटच्या फेरीत एकही नाही. मधल्या फेरीत तिला काही वेगळं ऐकू आलं म्हणून तिने मधेच गाडी बाजूला घेतली, सगळ्यांसमोर, घड्याळ चालू असताना. नंबर तिथेच गेला. खाली वाकून बघितलं तर चाकापाशी शंकूचा तुकडा अडकून घासत होता, बाकी काही नव्हतं. लोक हसले. मी नाही हसलो. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. हिने जे केलं ते तुला-मला त्या दिवशी जमलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये शेवटची शर्यत आहे. वरची खोली रिकामी आहे. ईस्टरचं कोकरू इरीनाने तसंच बर्फात ठेवलंय, डोक्यासकट. येऊन काप.

सोबत कॅसेट आहे. यावेळी मी वर नाव लिहिलंय. एका बाजूला पोरीचं इंजिन, गार असल्यापासून. दुसऱ्या बाजूला तू ज्याला इंजिन म्हणालास तो पोल्का. आवाज पूर्ण मोठा कर, शेजारी ओरडले तर ओरडू दे, तुला कुठे ऐकू येणार आहे! स्पीकरवर तळहात ठेव. आणि यावेळी खरोखर तीनदा ऐक.

टेड